आजार आटोक्यात आला, तरी पत का परत येत नाही?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे म्हणणे थोडक्यात असे आहे. धाकट्या भावाला बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला आणि डिप्लोमा करून चाकणच्या एमआयडीसीत लागलेली नोकरी वर्षभरात राजीनामा देऊन सुटली. आज तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. औषधे नियमित चालू आहेत, भास आणि संशय कधीच थांबले आहेत आणि डॉक्टर आजार आटोक्यात असल्याचे सांगतात. तरीही त्याला कोणी कामावर ठेवत नाही, भावकीतल्या कार्याचे निमंत्रण त्याला वगळून येते आणि ताईंसाठी आलेली स्थळे भावाविषयी कळले की मागे फिरतात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक होते. ते गेल्या वर्षी वारले. आता चुलत्यांनी सुचवले आहे की गावच्या जमिनीतील भावाच्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र आईच्या नावे करून घ्यावे, म्हणजे उद्या त्याला कोणी फसवणार नाही. आजार आटोक्यात असूनही माणसाची आणि घराची पत का खालावत राहते, आणि हा कागद करावा की नाही, असे ताईंनी विचारले आहे.

मी मनोविकारतज्ज्ञांच्या बरोबरीने पुनर्वसनाचे काम करणारी समाजकार्यकर्ती आहे. त्यामुळे औषधे कोणती आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांवर सोडून मी बाकीच्याविषयी लिहिते. या कामात माझे मत असे बनले आहे की तीव्र मानसिक आजारात माणसाची पत जेवढी लक्षणांमुळे जाते, त्याहून अधिक ती आजाराच्या पहिल्या काही वर्षांत घाईघाईने केलेल्या सह्यांमुळे जाते. राजीनामा, घटस्फोटाचा अर्ज, हक्कसोडपत्र यांवर त्या काळात सह्या होतात. लक्षणे ओसरतात, पण हे कागद सहसा परत घेता येत नाहीत, आणि घेता येण्यासारखे असले तरी त्यासाठी लागणारा पैसा आणि धीर तोवर त्या घरात उरलेला नसतो. तुमच्या घरात यांतली एक सही होऊन गेली आहे आणि दुसरी व्हायच्या बेतात आहे, म्हणून इतके सविस्तर लिहीत आहे.

हा आजार कोणत्या वयात येतो ते आधी पाहा. पुरुषांमध्ये तो बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो, बायकांमध्ये थोडा उशिरा. म्हणजे शिक्षण संपवून पहिली नोकरी धरण्याच्या, लग्न ठरण्याच्या आणि भावकीत ज्याचे मत विचारले जाते असा माणूस होण्याच्या नेमक्या वयात तो गाठतो. पन्नाशीत पक्षाघात झालेल्या माणसापाशी तोवर बांधलेले घर, भविष्यनिर्वाह निधी, लेकरे आणि लोकांवर केलेले उपकार असतात. बाविशीत आजारी पडलेल्यापाशी यातले काहीच नसते, आणि बरोबरीचे पुढे जात असताना तो जागच्या जागी थांबला तरी मागे पडतो. ब्रिटनमध्ये गोल्डबर्ग आणि मॉरिसन यांनी 1963 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात आजही सांगितला जातो. स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुणांच्या जन्माच्या वेळी त्यांचे वडील सर्वसाधारण लोकसंख्येप्रमाणेच समाजाच्या सगळ्या थरांत विखुरलेले होते, पण हेच तरुण रुग्णालयात दाखल झाले तोवर त्यांच्यातले पुष्कळजण सर्वांत खालच्या थरातल्या कामांवर येऊन ठेपले होते. गरिबीमुळे मानसिक आजार होतो की आजारामुळे गरिबी येते, या जुन्या वादात नैराश्यासारख्या आजारांच्या बाबतीत गरिबीचे पारडे जड असते, तर स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत आजारानंतरची घसरण अधिक ठळक दिसते. शिक्षकाचा मुलगा रोजंदारीलाही महाग होणे हा तुमच्या घराण्याचा दोष नाही, या आजाराची ही ओळखीची वाट आहे.

आता ‘आटोक्यात’ म्हणजे काय, तेही स्पष्ट करायला हवे. औषधे भास आणि संशय यांवर चांगली चालतात. परंतु उत्साह मावळणे, बोलणे तुटक होणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे, लक्ष न टिकणे, सांगितलेल्या चार कामांतले दुसरे विसरणे या गोष्टींवर त्यांचा उपयोग फारच थोडा होतो, आणि नोकरी टिकण्यासाठी नेमके हेच लागते. डॉक्टरांचे ‘आटोक्यात’ पहिल्या गटाविषयी असते, तर मालक माणसाची पारख दुसऱ्या गटावरून करतो. गावाला यातला आजार दिसत नाही. ‘धडधाकट पोरगा दिवसभर ओसरीवर बसून असतो’ एवढेच दिसते, आणि पूर्वी ज्याला वेडा म्हटले त्यालाच आता आळशी म्हटले जाते. माझ्या अनुभवात हे दुसरे विशेषण जास्त जिव्हारी लागते, कारण त्यात सहानुभूतीलाही जागा नसते.

नोकरी जाण्याची रीतही ठरलेली असते. हातात बडतर्फीचे पत्र क्वचितच पडते. गैरहजेरी वाढते, एखाद दिवशी सुपरवायझरशी वादावादी होते, मग मनुष्यबळ विभागातून घरच्यांना बोलावून गोड शब्दांत सांगितले जाते की चौकशी लावण्यापेक्षा मुलाने स्वतःहून राजीनामा दिला तर पुढे अनुभवाचे पत्र तरी स्वच्छ मिळेल. धास्तावलेले वडील मुलाला पेन देतात. त्या क्षणी घरच्यांना हे ठाऊक नसते की कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) असलेल्या कामगाराला, वर्गणीची अट पूर्ण होत असल्यास, दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारलाभ मिळतो. या आजारांच्या यादीत तीव्र मनोविकार आहेत आणि हा लाभ सरासरी वेतनाच्या 80 टक्के दराने, कमाल 2 वर्षे मिळू शकतो. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार या योजनेत येतात, म्हणजे चाकण, रांजणगाव, वाळूज येथील किती तरी तरुण तिच्यात असतात. राजीनामा दिला की ही वाट अवघड होते. सरकारी नोकरीत संरक्षण याहून भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. मानसिक आजार या कायद्यातील 21 अपंगत्वांपैकी एक आहे. आजाराशी निगडित वर्तनावरून निमलष्करी दलातील एका अधिकाऱ्यावर चालवलेल्या खातेनिहाय चौकशीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये अशी कारवाई हा अपंगत्वाच्या आधारे केलेला भेदभाव ठरतो, असा निर्णय दिला. खासगी नोकरीत एवढे कवच नाही. म्हणूनच तिथे राजीनाम्याऐवजी वैद्यकीय रजेचा अर्ज आणि डॉक्टरांचे पत्र, हाच क्रम धरावा. तुमच्या भावाच्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरी ती कदाचित या आठवड्यात आली असेल.

घराच्या खर्चाचा हिशेब बाहेरून दिसतो त्यापेक्षा वेगळा असतो. जुनी, जेनेरिक स्वरूपात मिळणारी औषधे फार महाग नसतात आणि जिल्हा रुग्णालयात बरीचशी मोफत मिळतात. घर पोखरले जाते ते इतर मार्गांनी. आई कामावर जाणे सोडते, तालुक्याहून जिल्ह्याला जाण्यात दोघांचा दिवस आणि एसटीचे भाडे जाते, आणि निदान होण्याआधीच्या काळात देवऋषी, भगत, गंडेदोरे यांवर कधी कधी दागिने मोडून पैसा घातलेला असतो. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मानसिक आजार असलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक उपचारांबाहेर आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालये असलेल्या आपल्या राज्यात चित्र फार निराळे असेल असे मला वाटत नाही. आरोग्यविम्याविषयी एवढे लक्षात ठेवा की मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 21 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचे आहे. दावा नाकारला गेला तर नकार लेखी मागून घ्यावा.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राविषयी थोडे अधिक लिहिते, कारण इथे घरची माणसेच नकळत स्वतःचे नुकसान करून घेतात. मानसिक आजारातील अपंगत्व ‘आयडियाज’ या भारतीय मोजपट्टीने ठरवले जाते. स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण आणि आजाराच्या कालावधीचे 4 पर्यंत गुण, असे एकूण 20. सात किंवा अधिक गुण झाले तर अपंगत्व 40 टक्के किंवा त्यापुढे धरले जाते, आणि बहुतेक योजनांचे दार तिथे उघडते. जिल्हा रुग्णालयातल्या त्या खोलीत काय घडते ते मी अनेकदा पाहिले आहे. मुलाला इस्त्रीचा शर्ट घालून आणलेले असते. डॉक्टर विचारतात, “आंघोळ स्वतः करतो का?” आई लगबगीने म्हणते, “हो साहेब, सगळं स्वतःच करतो, अगदी शहाणा आहे.” “काम?” “शेतात जातो की.” मुलगा खाली बघत असतो आणि आई त्याची कॉलर नीट करत असते. आंघोळीला रोज चार वेळा सांगावे लागते, शेतात तो बांधावर बसून परत येतो, महिन्याभरात त्याने घराबाहेरच्या कोणाशी स्वतःहून एक शब्द बोललेला नाही, हे कोणीच सांगत नाही, कारण परक्या माणसापुढे मुलाला कमी लेखायला आईची जीभ रेटत नाही. गुण सातच्या आत राहतात. म्हणून जाण्यापूर्वी दोन आठवडे रोज काय काय सांगावे लागले त्याची साध्या वहीत नोंद करा आणि ती वही तिथे दाखवा. वाढवून सांगू नका, झाकूनही ठेवू नका. या प्रमाणपत्रावर युडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र, तहसील कार्यालयातून मिळणारे संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान (त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे) आणि सरकारी नोकरीतील 4 टक्के आरक्षणात मानसिक आजारासह काही अपंगत्वांसाठी मिळून ठेवलेला 1 टक्का, या गोष्टी अवलंबून आहेत. काही ठरावीक अपंगत्वांसाठीच असलेली निरामय आरोग्यविमा योजना आणि राष्ट्रीय न्यासाची पालकत्वाची सोय मात्र स्किझोफ्रेनियाला लागू नाही. त्यासाठी हेलपाटे घालू नका.

लग्नाच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत. तुमच्या स्वतःच्या लग्नाविषयी आधी आकडे सांगते. सर्वसाधारण लोकसंख्येत स्किझोफ्रेनियाची शक्यता सुमारे 1 टक्का असते, तर सख्ख्या भावंडाला तो झालेला असल्यास सुमारे 9 टक्के. म्हणजे शंभरांतल्या नव्वदाहून अधिक भावंडांना तो होत नाही. तुम्ही तर तो सहसा सुरू होण्याच्या वयाचा बराच भाग ओलांडून आला असाल. भावाविषयी समोरच्यांना आधी सांगावे, आणि ते मध्यस्थाकरवी न सांगता आपण स्वतः सांगावे. जे घर तेवढ्यावरून मागे फिरेल ते पुढे भावाच्या औषधाच्या खर्चावरूनही तुम्हाला बोल लावणार होते. दुसरी बाजू भावाच्या लग्नाची. ‘लग्न केले की सुधारेल’ हा सल्ला तुम्हाला मिळाला असेलच. आजार लपवून लावलेल्या लग्नात दोन माणसांची पत एकदम जाते, आणि त्यातली मुलगी बहुधा अधिक सोसते. आजार बाईला झाला तर तिची अवस्था आणखी कठीण होते. स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेतील डॉ. आर. थारा आणि सहकाऱ्यांनी लग्न मोडलेल्या रुग्ण स्त्रियांचा अभ्यास केला, त्यात आजारापेक्षाही नवऱ्याने टाकल्याचा डाग या बायकांना आणि त्यांच्या माहेरच्यांना जास्त डाचत असल्याचे दिसले. कायदा मात्र समजतो तितका एकतर्फी नाही. केवळ स्किझोफ्रेनियाचे निदान झाले म्हणून घटस्फोट मिळत नाही, विकाराची तीव्रता सहजीवन अशक्य करणारी आहे हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच राम नारायण गुप्ता प्रकरणात सांगितले आहे. म्हणूनच आजारी बायकांकडून ‘परस्पर संमती’च्या कागदावर सही घेण्याची घाई केली जाते.

आता हक्कसोडपत्र. ते करू नका. चुलत्यांच्या हेतूविषयी मी काही म्हणत नाही. पुष्कळदा हा सल्ला खरोखर काळजीपोटी दिलेला असतो. पण परिणाम पाहा. पूर्वीच्या हिंदू कायद्यात जन्मजात वेड असलेल्याला वारसा मिळत नसे, आणि 1928 च्या सुधारणेनेही तेवढा अपवाद कायम ठेवला होता. हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 28 ने तो संपवला आणि कोणताही आजार किंवा व्यंग वारसाहक्काच्या आड येणार नाही असे ठरवले. कायद्याने जे दिले ते घरच्यांनी पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर परत घ्यावे, हे मला पटत नाही. शिवाय आपल्या राज्यात जो शेतकरी नाही त्याला, परवानगीवाचून, शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावरचे नाव एकदा गेले की पुढे शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो. आणि आईच्या नावे गेलेली जमीन आईच्या पश्चात कोणाच्या हाती राहील, हे आज कोणीच लिहून देत नाही. म्हणून तलाठ्याकडे वारस नोंद आई, तुम्ही आणि भाऊ अशी तिघांच्या नावे लावून घ्या. फसवणुकीची भीती खरीच आहे, पण तिच्यावर उपाय दुसरा आहे. आईने आपल्या वाट्याचे मृत्युपत्र करून त्यात भावासाठी खासगी विश्वस्त व्यवस्था (ट्रस्ट) लिहून ठेवावी आणि तिच्यावर तुमच्यासह घराबाहेरची एखादी विश्वासू व्यक्ती नेमावी. त्यासाठी तालुक्यातला दिवाणी वकील पुरेसा आहे.

त्याच ओघात कोणी न्यायालयातून त्याला ‘विकल मनाचा’, म्हणजे स्वतःचे व्यवहार पाहायला असमर्थ, ठरवून घेण्याचा सल्ला दिला तर दहा वेळा विचार करा. निदान झाल्याने कोणी आपोआप तसा ठरत नाही, असे मानसिक आरोग्य सेवेच्या 2017 च्या कायद्याचे कलम 3 सांगते. आज तुमचा भाऊ मतदार आहे, बँकेत खाते उघडू शकतो, शुद्धीत असताना करार करू शकतो. न्यायालयाने एकदा तसे घोषित केले की मतदारयादीतले नावही धोक्यात येते. एखाद्या व्यवहारापुरता आधार लागला तर दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. 2017 च्या कायद्याप्रमाणे तो स्वतः साध्या कागदावर आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांचे निर्णय घेताना त्याला आधार देणारी व्यक्ती, नेमू शकतो. हे काम त्याच्या आजच्या स्थिरतेतच करून ठेवा. या एका कागदावरची सही मी आनंदाने घ्यायला सांगते.

वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, म्हणजे आईला कुटुंब निवृत्तिवेतन चालू असेल. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मध्ये मनोविकारामुळे उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला आईवडिलांच्या पश्चात हे वेतन आजन्म मिळण्याची तरतूद आहे. आईच्या हयातीतच शिक्षण विभागाकडे आणि निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयात त्याचे नाव, प्रमाणपत्र आणि कागदपत्रे नोंदवून घ्या. नंतर हे काम फार जिकिरीचे होते.

इथे एक पेच आहे आणि तो मी लपवणार नाही. ‘उपजीविका करू शकत नाही’ या अटीवर निवृत्तिवेतन मिळणार असेल तर त्याला कामाला लावावे की नाही? काही घरे या भीतीने मुलाला उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत. मला ते चुकीचे वाटते. दिवसातले दोन-तीन तास केलेले, आधाराने चालणारे काम म्हणजे स्वतंत्र उपजीविका नव्हे, आणि नियम तपासून, त्याच्या मर्यादेत राहून ते करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1960 च्या दशकाअखेरीपासूनच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांत आग्रा आणि चंदीगड येथील रुग्णांची पुढची वाटचाल अनेक श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरी आढळली. त्याच्या कारणांवर अजून वाद आहे, पण शेती आणि घरचा धंदा माणसाला त्याच्या कुवतीप्रमाणे सामावून घेतो, हे त्यांतले एक मानले जाते. पहाटे साडेपाचच्या कंपनीच्या बसला आणि फिरत्या पाळ्यांना ही लवचीकता नसते. रात्रीच्या औषधाची गुंगी सकाळी रेंगाळत असताना पहिल्या पाळीच्या नोकरीसाठी त्याला पुन्हा चाकणला पाठवण्याचा आग्रह सोडा.

जगभरच्या पुनर्वसनाच्या कामातून एक गोष्ट पक्की दिसली आहे. आधी वर्षभर ‘प्रशिक्षण’ देऊन मग काम शोधण्यापेक्षा आधी खरे काम मिळवून द्यायचे आणि तिथे टिकण्यासाठी बाजूने आधार द्यायचा, ही पद्धत अधिक यशस्वी होते. तेव्हा ओळखीच्या कृषी सेवा केंद्रात, पतसंस्थेत किंवा इलेक्ट्रिकल दुकानात सकाळी अकरानंतरचे दोन तास मागा. मालकाला आजाराचे नाव सांगायचे की नाही हे भावाने ठरवावे, पण त्याला एका वेळी एकच काम सांगावे आणि कोणाच्या देखत ओरडू नये, एवढे तुम्ही सांगू शकता. पगार पाचशे रुपये असला तरी त्याच्याच बँक खात्यात जमा व्हावा आणि एटीएम कार्ड त्याच्याच खिशात असावे. पहिल्या महिन्यात तो दोन-तीनदा जायचे टाळेल. तेवढ्यावरून काम सुटले असे मालकाने आणि तुम्हीही धरू नये, हे आधीच बोलून ठेवा. तीन महिन्यांनी, डॉक्टरांशी बोलून, तास वाढवायचे की आहेत तेवढेच ठेवायचे ते ठरवा.